हुंग्या

ढाळेवाडीतल्या बायका म्हणायच्या, ईश्वरीच्या हाताला यश आहे. तिनं लावलेलं अंबील वावरात शिंपडलं की आठवड्याच्या आत घरात लक्ष्मी येते. कुणी तोंडावर असं बोललं की ईश्वरी मान खाली घालायची, आणि कौतुक आणखीच वाढायचं. एवढी बीएस्सी झालेली सून, पण मान वर करून बोलणार नाही!

"सकाळ झाली न्हाई की बायका तांब्या घेऊन दारात," सासूबाई, महानंदाबाई, येईल त्याला सांगत. "ईश्वरीच्या हातचं विरजण पायजे म्हणं. माझी पन्नाशी उलटली अंबील करण्यात, मला कुणी इचारलं न्हाई!"

हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत, पण चेहरा फुललेला असे. ईश्वरी तेवढ्यात काहीतरी काम काढून आत जायची. लेकीचं, शर्वीचं, अंग गरम तर नाही ना, हे कपाळाला हात लावून बघायची. पोर टुणटुणीत असायची. हात लावायला काहीतरी हवं म्हणून ती लावायची.

लातुराकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात चिटपाखरू सापडत नाही. सगळे रानात. कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगड मांडून पूजा करायची, भज्जी-उंडे खायचे, आणि ज्वारीच्या पिठाचं, ताकात आंबवलेलं, लसूण घातलेलं अंबील उभ्या पिकावर शिंपडत वावराला फेरा मारायचा. हे पूर्वापार चालत आलेलं. पण गेल्या तीन हिवाळ्यांत ढाळेवाडीचं अंबील येळवशीपुरतं राहिलं नव्हतं. आभाळ जरा शिंतडून गेलं, पावसाचे चार थेंब पडले, की बायका तांबे घेऊन रानात निघायच्या. आणि लक्ष्मी खरोखरच यायची. ती का येते, हे अख्ख्या गावात एकट्या ईश्वरीला माहीत होतं.

ती हुंग्यामुळं यायची.

हुंग्या म्हणजे शेताच्या बांधावर रोवलेला कमरेएवढा पांढरा खांब. सरकारी नाव 'पीकश्वास मापक'. पण त्याच्या डोक्यावरची काळी जाळी कुत्र्याच्या नाकासारखी सदान्‌कदा ओलसर दिसायची, म्हणून गावानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं. जाळीच्या आत नखाएवढी काचपट्टी होती, आणि तिच्यावर टोळाच्या मिशीत असतात तसली, वास ओळखणारी प्रथिनं बसवलेली. कोवळं रान कुठं आहे हे टोळाला कोसावरून कळतं. कुठलं पीक दुखतंय हे हुंग्याला कळायचं.

कारण पिकं दुखणं लपवत नाहीत. अळीनं पान कुरतडलं की एक वास सुटतो, तहान लागली की निराळा. आणि मुळं पाण्यात बुडाली की जो सुटतो, तो तर ओळखू येण्याजोगाच. माती तुंबली की मुळांना हवा मिळत नाही. हवेवाचून साखरेतली शक्ती काढायची तर एकच वाट उरते, आंबवण्याची. मग मुळं आतल्या आत आंबायला लागतात. त्यातून थोडं अल्कोहोल तयार होतं, ॲसिटाल्डिहाइड नावाचा एक चटकन उडून जाणारा पदार्थ तयार होतो, आणि दोन्ही देठातून चढून पानांवाटे बाहेर पडतात. डोळ्यांना हरभरा हिरवागार दिसत असतो आणि तो खाली बुडत असतो. माणसाला ते पानं पिवळी पडल्यावर कळतं. हुंग्याला त्याच दिवशी कळायचं.

योजना सगळी ह्याच नाकावर उभी होती. पंचनामा म्हणजे काय हे आता शर्वीच्या पिढीला समजावून सांगावं लागणार होतं. हुंग्यानं दुखणं नोंदलं, मंडळातल्या पर्जन्यमापकानं पाऊस झाल्याचं सांगितलं, की दोन-तीन दिवसांत कसणाऱ्याच्या खात्यात मदत. मालक कुणी का असेना, कसेल त्याला. सुरुवातीला मातीतला ओलावा मोजणारी कांडीही पुरली होती. पण काळ्या रानाला भेगा पडल्या की ती भेगेत मोकळी लोंबायची आणि भर चिखलातही 'कोरडं' म्हणून सांगायची. ती काढून टाकली. उरलं ते नाक.

पहिल्या वर्षी जे झालं ते खरोखर अजाणता झालं. येळवशीच्या आदल्या दिवशी धूळ बसण्यापुरती भुरभुर झाली होती. महानंदाबाईंनी वावराला फेरा मारला, आणि बिंदग्यात, म्हणजे हातातल्या छोट्या घागरीत, उरलेलं अंबील हुंग्याच्या पायाशी ओतलं.

"अहो आत्याबाई, त्याला कशाला?" ईश्वरी हसत म्हणाली होती. कडेवर शर्वी, तेव्हा वर्षाचीही नव्हती.

"राखणदार हाय की ह्यो बी. दिसरात उभा असतंय बिचारा. ह्याला निवद नको?"

तिसऱ्या दिवशी पैसे आले. हरभऱ्यात पाणी तुंबल्याबद्दल. वावरात तर टाच बुडेल इतकंही पाणी नव्हतं.

"हुंग्या पावला!" महानंदाबाईंनी टाळी वाजवली. ईश्वरीचा नवरा मन्मथ म्हणाला, "मशीनचं डोकं फिरलं असंल. येतंय तर येऊ द्या."

ईश्वरीही हसली. पण दुसऱ्या दिवशी शर्वीसाठी ताक घुसळताना तिचा हात थांबला. ताकाला जो ताकाचा वास येतो, तो बराचसा ॲसिटाल्डिहाइडमुळंच येतो. हे ती तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात शिकली होती, आणि तोंडी परीक्षेत नेमकं हेच उत्तर देऊन शाबासकी घेऊन आली होती. आंबवलेल्या ज्वारीत अल्कोहोल, ताकात ॲसिटाल्डिहाइड. हुंग्याच्या नाकाला अंबील म्हणजे बुडालेला हरभरा.

त्याच दिवशी तक्रार क्रमांकावर फोन केला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. तिनं केला नाही. घरावर कर्ज नव्हतं. पोटाला कमी नव्हतं. होती ती भीती. शर्वी सातव्या महिन्यात जन्मली होती. काचेच्या पेटीत तिची बरगडी वर-खाली होताना बघत ईश्वरीनं दिवस काढले होते. पोर घरी आली, बाळसं धरलं, पण ते बघत राहणं काही सुटलं नाही. उद्या हिला काही झालं तर? पाऊस गेला तर? आला तर? त्या भीतीला एक खात्रीचं काहीतरी हवं होतं, आणि ते अचानक हातात आलं होतं.

पुढच्या भुरभुरीला ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, देवाला पुन्हा थोडं अंबील द्यायचं का?"

ती 'देवाला' म्हणाली. हे तिला नंतर फार वेळा आठवायचं.

महानंदाबाईंचे डोळे भरून आले होते. सून देवाधर्माची निघाली! त्यांनी अंबील केलं. ईश्वरीनं त्यातलं थोडं बाजूला काढलं, गूळ घालून दोन दिवस उबेला ठेवलं, आणि रानात गेल्यावर बोट ओलं करून वर धरलं. वारा कुठून येतोय ते बघितलं. मग वाऱ्याच्या अंगानं, बरोबर खांबाच्या बुडाशी ओतलं.

पैसे आले. त्या हिवाळ्यात आणखी एकदा आले. महानंदाबाईंना पोटात ठेवता येईना. त्यांनी शेजारी सांगितलं, शेजारणीनं वेशीपर्यंत. पुढच्या हिवाळ्यात सगळ्या गावाला हुंग्या पावायला लागला. बायका मनोभावे शिंपडायच्या, हात जोडायच्या. त्यांच्या मनात पाप नव्हतं. गावाचं सगळं पाप एकटी ईश्वरी बाळगून होती.

आणि ह्या पैशानं रान बदलत गेलं. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मन्मथ दर कार्तिकात बांधाकडेचा चर उपसायचा, म्हणजे हिवाळ्यात पाऊस आलाच तर पाणी ओढ्याला लागावं. त्यानं ते सोडून दिलं.

"एवढं कंबरडं मोडून चर काढायचा," तो म्हणाला, "आन् पाणी तुंबलं तर हुंग्या देतंयच की."

खुरपणीही एकावरच आली. रास दरवर्षी थोडी कमी भरायची, पण खातं भरलेलं असायचं, त्यामुळं कुणी तोंड वाकडं केलं नाही. ईश्वरीनं एकदा मनातल्या मनात मांडून बघितलं होतं: मदत वगळली तर त्यांचा हरभरा तोट्यात होता. आधी नव्हता. मदत यायला लागल्यावर झाला होता.

वावरांचा ठोकाही चढला. ठोका म्हणजे वर्षाची ठरीव रक्कम घेऊन रान दुसऱ्याला कसायला देणं. सरकार मदत देत होतं कसणाऱ्याला. मालकांनी ठोका वाढवून ती हळूच आपल्याकडं वळती करून घेतली. मन्मथनंही वाढवला. त्यांचं ओढ्याकडेचं खालचं वावर रेणुका आणि तिचा नवरा दिगंबर करत होते.

"वैनी, जरा सांगा की दादाला," रेणुका तेव्हा म्हणाली होती. "आमी काय कुटं पळून चाललाव?"

रेणुका ईश्वरीच्याच वयाची. तिची लेक राणू आणि शर्वी दिवसभर एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या आणि संध्याकाळी घरी जायला रडायच्या. ईश्वरी म्हणाली होती, "बघते, सांगते." सांगितलं नव्हतं. रेणुका अंबिलाच्या फंदातही कधी पडली नाही. "आमचं देवाशी बोलणं रोजचंच हाय," ती हसायची, "त्याला सारखं ताक कशाला पाजू?"

ह्या वर्षी पौषात आभाळ फुटलं.

भुरभुर नव्हे. हिवाळ्यात असा पाऊस म्हाताऱ्या माणसांनीही बघितला नव्हता. वरच्या रानातलं पाणी बुजलेल्या चरावरून सरळ खाली गेलं आणि रेणुकाच्या फुलावर आलेल्या हरभऱ्यात बसून राहिलं. उघडीप झाली तेव्हा झाडं उभी होती, हिरवी होती, आणि उपटून बघितलं तर मुळं काळी, बोटाला लागली की साल सुटून येणारी.

रेणुका फोन घेऊन आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, म्हणून ओट्याखालीच उभी राहिली.

"वैनी, हे वाचा बरं. मला कायतरी उलटं कळायलंय."

फोनवर हुंग्याचा निरोप होता. 'वास नोंदला. ढाळेवाडीसाठी सामान्य. मदत देय नाही.'

"सामान्य म्हंजे? बुडालेलं वावर सामान्य?"

ईश्वरीनं निरोप पुन्हा वाचला. वाचायला काही उरलं नव्हतं, पण मान वर करावी लागू नये म्हणून ती वाचत राहिली. 'ढाळेवाडीसाठी सामान्य.' हे तीन हिवाळे तीच तर त्या नाकाला शिकवत आली होती.

"काहीतरी चूक असेल," ती म्हणाली. "बघू."

"तुमी तक्रार करून द्या. तुमाला बरं जमतंय."

तक्रार ईश्वरीनं करून दिली. चांगल्या भाषेत, एकही चूक न करता.

तपासायला नावेद नावाचा तंत्रज्ञ आला. पोरगेलासा, जोड्यांना चिखल लागू नये म्हणून दगडांवरून उड्या मारत. रेणुकानं त्याला रोपं उपटून दाखवली. त्यानं हुंग्याला आपला फोन जोडला, बराच वेळ आकृत्या बघितल्या.

"ताई, मशीन नीट आहे," तो म्हणाला. "वास त्याला आलाय. जोरात आलाय. पण ते म्हणतं, ह्या गावात हा वास नेहमीच येतो."

"नेहमी कसा येईल? आमचं रान नेहमी बुडतंय व्हय?"

"तेच तर. हे मशीन शिकत असतं. एखादा वास आला की नंतर उपग्रहातून पीक बघतं. पीक खरंच वाळलं, तर वास खरा. तुमच्या गावात तीन हिवाळे हा वास आला, पैसेही गेले, पण पीक कुठंच वाळलं नाही. शेवटी त्यानं ठरवलं, ढाळेवाडीच्या हवेतच असं काहीतरी आहे. इथं ह्या वासाकडं लक्ष द्यायचं नाही." तो ईश्वरीकडं वळला, कारण तिच्या चेहऱ्यावर त्याला हे कळल्याचं दिसलं. "इथं काही गुऱ्हाळ, दारूची भट्टी वगैरे आहे का?"

"नाही," ईश्वरी म्हणाली. ते खोटं नव्हतं.

"कशाचा वास आहे ते कुणी सांगितलं, नमुना दिला, तर मशीनला तेवढा भाग वजा करायला शिकवता येईल. मग ह्या ताईंचं लगेच होईल. मात्र मग मागचं सगळं पण निघेल. चुकून गेलेली मदत गावाच्या पुढच्या हप्त्यांतून कापतील. आणि हुंगे ग्रामसभेच्या नावावर आहेत, सभेनं हो म्हणावं लागेल." तो हसला. "सोमवारच्या सभेला येतोच आहे. बघा कुणाला काही आठवलं तर."

रेणुका ईश्वरीकडं बघत होती. तिला वाटत होतं, वैनी शिकलेल्या आहेत, शोधून काढतील.

त्या दिवसांत ईश्वरी बांधावरून जाताना पावलं उचलून टाकायची. रेणुका वाफ्यात बसलेली असायची, मशीन 'सामान्य' म्हणतंय तर खोट आपल्याच पेरणीत असणार म्हणून बोटांनी माती उकरून बघायची. घरातून दिगंबरशी तिचं जोरात भांडण ऐकू यायचं. "बी खोल गाडलंस! सांगत हुते, एवढं खोल नको!" ईश्वरी शर्वीचा हात धरून पुढं निघून जायची. 'आज सांगू' असं ती रोज म्हणायची; आणि रोज संध्याकाळी शर्वीचा श्वास मोजताना वाटायचं, उद्या ह्या पोरीला गावात काय म्हणून ओळखतील?

महानंदाबाईंनी तिढा आपल्या परीनं सोडवायला घेतला. "गोरगरिबाचं रान बुडालं. देवाला अंबील देऊन येते. रेणुकाच्या नावानं." त्या शर्वीला घेऊन खालच्या वावरात निघाल्या. ईश्वरी मागून गेली.

महानंदाबाई बांधाकडेनं अंबील शिंपडायला लागल्या तशी शर्वीनं त्यांचा पदर ओढला.

"आजी, असं न्हाई. खांबापाशी ओतायचं. थांब!"

तिनं आपलं इवलं बोट तोंडात घातलं, ओलं केलं आणि आभाळाकडं धरलं. डोळे बारीक केले. मग खांबाच्या एका अंगाला जाऊन पायानं जागा दाखवली. "हितं. आई अशीच ओतती. गुळाचं असतंय तिचं."

महानंदाबाई बघत राहिल्या. आधी त्यांना हसू आलं. मग ते हळूहळू उतरलं.

"वारा कशाला बघतीस गं पूजेला?" त्यांनी सुनेला विचारलं.

काहीतरी सांगता आलं असतं. समोर शर्वी बोट वर धरून उभी होती, सगळं बरोबर केल्याच्या आनंदात.

"वास त्याच्याकडं जावा म्हणून," ईश्वरी म्हणाली.

"कुणाकडं?"

"हुंग्याकडं. त्याला अंबिलाचा वास आला की पीक बुडालंय असं वाटतं, आत्याबाई. म्हणून पैसे येत होते. आता त्याला तो वास खोटाच वाटायला लागलाय. म्हणून रेणुकाला..."

महानंदाबाई बांधावर बसल्या. बिंदगा मांडीवर धरून, जणू तो कुणी हिसकावून नेईल.

"मी घरोघर विरजण वाटलं," त्या म्हणाल्या. "ह्या हातानं. देवाचं म्हणून."

ईश्वरी समोर उभीच होती. रडली असती तर बरं झालं असतं. रडूही आलं नाही.

"सांगितल्यावर रेणुकाला पैसं मिळंल?" महानंदाबाईंनी विचारलं.

"मिळेल."

"मग सोमवारी सांगायचं. मी सांगणार. तू गप बसायचं."

"आत्याबाई, मी..."

"गप बसायचं म्हणले न्हवं?" आवाज चढला नव्हता. "तुझ्यासाठी न्हाई. उद्या ही पोर साळंत जाईल. हिच्या आईकडं कुणी बोट दाखवायला नको."

सभेला हॉल भरला होता. रेणुका-दिगंबर मागच्या बाकावर, दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा सोडून. महानंदाबाई उठल्या, पदर खोचला, आणि पुढं टेबलावर अंबिलाचा तांब्या ठेवला.

"साहेब, तुमचा वास ह्यात हाय. आमी बायका भाबड्या. देवाला म्हणून शिंपडत गेलाव, निवद म्हणून हुंग्याच्या पायाशी ओतत गेलाव. त्यो बिचारा फसला. चुकी आमची, रेणुकाचं रान मातुर खरं बुडालंय."

नावेदनं फोनला जोडलेली वास घेणारी नळी तांब्यावर धरली. आकृती वर उसळली. तो मोठ्यानं हसला आणि हॉलभर हशा पिकला.

"हुंग्याला चढली म्हणायची!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आता समजलं, ताक पिऊन दर साली झिंगत हुतं ते!"

"ह्यात लसूणही आहे," नावेद म्हणाला. "बुडालेल्या हरभऱ्याला लसणाचा वास येत नसतो. वेगळं काढणं सोपं आहे." मग त्यानं कपातीचं सांगितलं. कुरकुर झाली, एकदोघे उठून उभे राहिले. पण देवाच्या नावानं झालेल्या चुकीवर किती भांडणार? हात वर झाले. ठराव झाला.

"पण हे लक्षात कुणाच्या आलं?" नावेदनं विचारलं. "आमच्या मुख्य कार्यालयात कुणाला सुचलं नव्हतं."

"सुनंच्या आमच्या," महानंदाबाई म्हणाल्या. "बीएस्सी हाय ती."

त्या ईश्वरीकडं न बघता खाली बसल्या. सरपंच म्हणाले, अशी एक सून प्रत्येक घरात हवी. कुणीतरी नारळ आणला. ईश्वरीला पुढं बोलावलं, टाळ्या झाल्या, शर्वीनं सगळ्यांत जास्त वाजवल्या. ईश्वरीनं दोन्ही हातांनी नारळ घेतला.

त्या आठवड्यात रेणुकाच्या खात्यात मदत आली. महानंदाबाई घरात पूर्वीसारख्याच बोलत, जेवायला वाढत, शर्वीला न्हाऊ घालत. फक्त दारात कुणी विरजण मागायला आलं तर स्वतः उठून देत, आणि सुनेचं नाव काढत नसत.

ईश्वरी खालच्या वावराकडं गेली तेव्हा रेणुका कुजलेली रोपं उपटून ढीग लावत होती. शर्वी आणि राणू ढिगाभोवती पळत सुटल्या.

"आले पैसे," रेणुका म्हणाली. "बियाण्यापुरतं तरी भागंल."

"बरं झालं."

"मी त्यांना लई बोलले, वैनी. बी खोल गाडलंस, तुझ्या हाताला बरकत न्हाई. पोरीदेखत. त्यो माणूस चार दिस घरात जेवला न्हाई." तिनं मूठभर रोपं ढिगावर टाकली. "त्या दिसांत तुमी रोज ह्या बांधावरून जात हुता. मी बघायची. वाटायचं, आता थांबतील, कायतरी सांगतील. शर्वीचा हात धरून लगालगा निघून जायचा." ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "सभेत सगळे म्हणाले, तुमी शोधून काढलं. कदी कळलं तुमाला?"

'परवा' एवढाच शब्द पुरला असता. गावानं तोच धरला होता. महानंदाबाईंनी सभेत स्वतः खोटं बोलून त्याची किंमत आधीच भरली होती. ईश्वरीनं शर्वीकडं बघितलं. ती राणूच्या गळ्यात हात टाकून काहीतरी गुपित सांगत होती.

"पहिल्याच वर्षी," ईश्वरी म्हणाली. "मीच ओतत होते. मुद्दाम."

रेणुका पुन्हा खाली बसली, आणि पुढची दोन-चार रोपं तिनं इतक्या सावकाश उपटली, की माती झाडल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

"चर पण आम्हीच बुजू दिला," ईश्वरी म्हणाली. विचारलं नव्हतं तरी म्हणाली.

"ते ठावं हाय. पाणी कुटून आलं ते दिसतंय की डोळ्याला."

मग रेणुकानं हात पदराला पुसले.

"ईश्वरीबाई, पुढच्या साली हे वावर दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. आजवर तिच्या तोंडून 'वैनी' सोडून दुसरं काही निघालं नव्हतं. "आन् त्याला आधी सगळं सांगा."

"रेणुका..."

"राणू, चल गं घरी."

"आत्ताच तर आली शर्वी!"

"चल म्हणले न्हवं."

राणू आईच्या मागं ओढत, वळून वळून बघत गेली. शर्वी बांधावर येऊन उभी राहिली.

"आई, ती का गेली?"

लहान पोरांना सांगायची एक सोपी, गोड थाप ईश्वरीच्या जिभेवर तयार होती. अशा थापा तिच्याकडं नेहमी तयार असायच्या.

"मी तिच्या आईचं नुकसान केलं म्हणून," ती म्हणाली.

शर्वीनं तिच्याकडं नीट बघितलं. थोडा वेळ, डोळे बारीक करून. मग ती आईचा हात न धरता, बांधावरून एकटीच पुढं चालायला लागली.